एकाच संचावर काळी माती, तोरणमाळ आणि फेब्रुवारीतली स्पिती: ऑल टेरेन टायर कोणते घ्यावेत?

अनेरकाठ

राम राम मंडळी. गाडी थार, डिझेल, फोर बाय फोर. टायर गाडीसोबत आलेलेच, माप २५५/६५ आर १८. नक्षी झिजून खाचांमधल्या आडव्या पट्ट्यांना टेकायला आली आहे, त्यामुळे पावसाळ्याच्या आत नवा संच घ्यायचाच आहे.

वापर आधी सांगतो. रोजचं चोपडा-जळगाव, नाहीतर चोपडा-शिरपूर-धुळे, म्हणजे डांबर. केळीच्या वावरात जायला शिवरस्ता आहे, निव्वळ काळी माती. श्रावणात तिथे पायी गेलं तरी चपला मातीतच राहतात. अधूनमधून पाल, तोरणमाळ, कधी धडगावकडे. आणि येत्या फेब्रुवारीत आम्ही तिघं मित्र शिमला, रामपूर, रेकाँग पिओ, नाको, ताबो करत हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या काझाला जाणार आहोत. कुंझुमचा घाट तेव्हा बंद असतो, म्हणून मनालीकडून नाही.

बारा महिने चालेल असा एकच ऑल टेरेन (डांबर, खडी, माती सगळीकडे चालणारा) संच घ्यायचा तर काय बघून घ्यायचा? एक दुकानदार म्हणतो, बाजूवर 'एम+एस' लिहिलंय म्हणजे चिखल आणि बर्फ दोन्हीला चालतो. दुसरा म्हणतो, डोंगर आणि हिमकण असलेलं चिन्ह बघ. तिसरा म्हणतो माप वाढवून टाक, गाडी रुबाबदार दिसेल.

कळण्याची_भाकरी

भो, चोपडाले बरफ फक्त रसवंतीवर दिखस! आठ दिवसांच्या बर्फासाठी वर्षभर उन्हात खडबडीत टायर फिरवणार? शिमल्यापर्यंत आपल्या गाडीने जा, पुढे तिकडची गाडी आणि तिकडचाच ड्रायव्हर घे. टायर साधे हायवेचे टाक. आवाज कमी, डिझेल कमी, पैसे कमी.

टायरवाले_आप्पा

धुळ्यात टायरचं दुकान आहे, त्यामुळे माझं बोलणं धंद्याचं वाटलं तर वाटू द्या.

कळणाभाऊंचं म्हणणं डांबरापुरतं बरोबर आहे. हायवे टायर ओल्या डांबरावर ऑल टेरेनपेक्षा लवकर थांबतो. आवाज कमी करतो, सरासरीही थोडी जास्त देतो. पण अनेरकाठभाऊंचा शिवरस्ता आणि सातपुड्यातली धारदार खडी बघता ऑल टेरेनच घ्यावा. मड टेरेन, म्हणजे खास चिखलाचा टायर, मात्र नको. ठोकळे मोठे, खाचा रुंद, चिखलात राजा, पण घट्ट दाबलेल्या बर्फावर आणि ओल्या डांबरावर सगळ्यात आधी घसरणारा तोच. लोकांना वाटतं टायर जितका आडदांड तितका बर्फात चांगला. तसं नाही.

माप वाढवू नका. आता आहे तेच ठेवा, २५५/६५ आर १८. मोठा टायर टाकला की स्पीडोमीटर कमी दाखवतो, गिअरचं गणित बिघडतं, पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर मडगार्डला घासू शकतो. आणि बर्फात साखळी लावायची वेळ आली तर तिला आत जागाच उरत नाही. याचा विचार दुकानात उभं असताना कोणी करत नाही.

दुसरं, भार. बाजूवर मापानंतर आकडा आणि अक्षर असतं. १११ असेल तर एका टायरवर १०९० किलो, ११५ असेल तर १२१५ किलो. अक्षर वेगाचं. क्यू म्हणजे १६०, एस १८०, टी १९०. गाडीच्या दाराच्या खांबावर किंवा पुस्तकात दिलेल्या आकड्यापेक्षा खालचा टायर कोणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नका.

तिसरं, जन्मतारीख. बाजूवर चार आकडे असतात. ०८२५ म्हणजे २०२५ सालचा आठवा आठवडा. आपल्याकडच्या उन्हात, पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडून राहिलेला टायर वरून नवा दिसतो, पण रबर आतून कडक व्हायला लागलेलं असतं.

यावलची_लेक

माहेर यावल, सध्या मिनेसोटात. इथे जानेवारीत उणे २० अंश म्हणजे विशेष काही नाही, त्यामुळे अनेरकाठदादांच्या चिन्हाच्या प्रश्नावर मी बोलते.

एम+एस हा शिक्का मिळवायला बर्फावर कसलीही चाचणी द्यावी लागत नाही. खाचांची रचना आणि नक्षीतल्या मोकळ्या जागेचं प्रमाण ठरावीक असलं की कंपनी तो छापू शकते. रबर कुठलं आहे, थंडीत त्याचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. तुमच्या आत्ताच्या टायरवरही ती अक्षरं असतील, शेजारच्या साध्या एसयूव्हीवरही असतील.

तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह वेगळं. ते अमेरिका-कॅनडातल्या टायर उत्पादकांनी १९९९ मध्ये आणलं. त्यासाठी टायर खरोखर बर्फावर चालवून बघतात. मध्यम दाबलेल्या बर्फावर वेग घेताना ठरलेल्या प्रमाण टायरपेक्षा निदान १० टक्के जास्त पकड हवी, असा मूळ निकष. पण ही चाचणी फक्त वेग घेण्याची आहे. ब्रेकची नाही, वळणाची नाही, आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फाची तर अजिबातच नाही. म्हणजे हिमकण असलेला ऑल टेरेन ताज्या किंवा दाबलेल्या बर्फात साध्या ऑल टेरेनपेक्षा नक्की चांगला. गोठलेल्या पाण्यावर मात्र खरा हिवाळी टायर त्याच्या पुष्कळ पुढे असतो.

फरक रबराचा आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होत जातं, तूप गोठतं तसं. हिवाळी टायरमध्ये सिलिका जास्त, मिश्रण मऊ, आणि ठोकळ्यांवर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला धरतात. शिवाय खाचांमध्ये बर्फ दाबून बसला की तोच रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो. बर्फाला बर्फ धरतो. मोकळ्या नुसत्या ठोकळ्यांचा टायर म्हणूनच इथे उपयोगी पडत नाही.

सरकारंही या दोन चिन्हांत फरक करतात. क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर लागतात. ब्रिटिश कोलंबियात पुष्कळ महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून एम+एससुद्धा चालतो, पण नक्षी किमान ३.५ मिलिमीटर हवी. जर्मनीत बर्फ असताना नुसत्या एम+एसवर चालवायची सवलत होती, ती सप्टेंबर २०२४ अखेर संपली.

अनेरकाठ

ताई, खूप छान सांगितलंत. मग तुम्ही स्वतः वर्षभर काय वापरता?

यावलची_लेक

नवऱ्याच्या पिकअपला हिमकण असलेले ऑल टेरेन बारा महिने. माझ्या छोट्या गाडीला दोन संच, नोव्हेंबर ते मार्च हिवाळी आणि मग बदल. कारण साधं आहे. माझं रोजचं जाणं पहाटेचं आणि चौकाचौकांत थांबण्याचं, तिथे गाड्यांच्या चाकांनी घासून घासून बर्फाची काच झालेली असते. पिकअप जाते तेव्हा रस्ता खरवडून झालेला असतो आणि घाई नसते. वर्षभर ऑल टेरेन पुरतात का, याचं उत्तर तुमच्याकडे किती इंच बर्फ पडतो यापेक्षा तो पडल्यावर किती तासांत साफ होतो आणि मग त्याची काच होते का, यावर जास्त ठरतं.

आणि एक. इथे नवीन आलेले सगळे, आपले देशी तर नक्कीच, फोर व्हील ड्राइव्हवर फाजील भरवसा ठेवतात. चारही चाकं फिरतात म्हणून गाडी निघते छान. थांबताना मात्र दोन चाकांची गाडी आणि चार चाकांची गाडी सारखीच. थांबवतो तो टायर.

सुभेदार_भुसावळ

जय हिंद. सैन्यात ड्रायव्हर होतो, झोजिला, द्रास, पुढे लेहपर्यंत गाड्या नेल्या आहेत.

ताईंचं शेवटचं वाक्य लिहून घ्या. पण फेब्रुवारीतल्या स्पितीत तुमची गाठ बर्फाशी कमी आणि गोठलेल्या पाण्याशी जास्त पडणार आहे. डोंगरातून नाला येतो, दुपारी रस्त्यावरून वाहतो, संध्याकाळी गोठतो. सकाळी त्यावर धूळ किंवा भुरभुर बर्फ बसला की दिसतही नाही. नाकोजवळचा मलिंग नाला त्यासाठी बदनाम आहे. अशा ठिकाणी कुठलंही चिन्ह असलेला ऑल टेरेन चालणार नाही. तिथे साखळी. टायर कोणताही घ्या, साखळी घेतल्याशिवाय रामपूरच्या पुढे जाऊ नका.

साखळी चारही चाकांना सगळ्यात बरी. दोनच असतील तर गाडीच्या पुस्तकात ज्या चाकांना सांगितली आहे त्यांना. मागेच लावली तर उतारावर पुढचा भाग सरळ जायला बघतो, पुढेच लावली तर मागचा भाग फिरतो, हे डोक्यात ठेवून चालवायचं. वेग ३०-४० च्या वर नाही. कोरडं डांबर आलं की काढायची, नाहीतर साखळीही जाते आणि टायरही.

थारचा फोर एच, म्हणजे चारही चाकं फिरवणारा नेहमीच्या वेगाचा गिअर, कोरड्या डांबरावर लावू नका. पुढच्या-मागच्या धुऱ्यांमध्ये फरक घ्यायला त्यात काही नाही, वळणावर गाडी अडकल्यासारखी होते आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. उतारावर लो रेंज (फोर बाय फोरचा हळू, जोराचा गिअर), पहिला-दुसरा गिअर, ब्रेकला पाय नुसता लावून. जोरात ब्रेक दाबला की संपलं.

शिंदखेड्याचा_मास्तर

सुभेदारसाहेब, सलाम. मला हवेबद्दल बोलायचं आहे, कारण दर वर्षी कोणीतरी लेहहून येतो आणि म्हणतो तिकडे टायरची हवा आपोआप वाढते, दुसरा म्हणतो थंडीत कमी होते. दोघंही खरं बोलतात.

चोपड्यात फेब्रुवारीतल्या दुपारी ३० अंशांना ३२ पीएसआय हवा भरली असं धरू. हा आकडा बाहेरच्या हवेच्या वरचा. बाहेरची हवा चोपड्यात सुमारे १४.३, म्हणजे टायरच्या आतला खरा दाब ४६.३. आता काझात पहाटे उणे १५. तापमान केल्विनमध्ये ३०३ वरून २५८ वर आलं, त्या प्रमाणात आतला दाब उतरून साडेएकोणचाळीसच्या आसपास. समुद्रसपाटीला असतो तर मीटरवर २५ दिसले असते. पण काझा ३,६५० मीटरच्या आसपास, तिथे बाहेरच्या हवेचा दाब साडेनऊच्याही थोडा खाली. वजा करा, मीटर ३० दाखवेल. म्हणजे थंडीने सात कमी केले आणि उंचीने पाच परत दिले.

म्हणून काझात मीटर ३० दाखवतोय म्हणून घाबरून हवा भरू नका. आणि तिथे भरलीच, तर खाली उतरताना परत तपासा, कारण हरियाणाच्या दुपारी उलट गणित सुरू होतं, उंची गेली आणि उष्णता आली. यावलच्या ताईंकडे उंची नाही, त्यामुळे त्यांना पूर्ण फटका बसतो. साधारण दर साडेपाच-सहा अंशांना एक पीएसआय.

टायरवाले_आप्पा

मास्तर, आमच्याकडे याच कारणाने लोक नायट्रोजन भरून मागतात!

शिंदखेड्याचा_मास्तर

आप्पा, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. थंडीने दाब उतरायचा तो नायट्रोजनचाही तितकाच उतरतो. कोरडा असतो आणि थोडा हळू गळतो इतकंच. फुकट देत असाल तर भरून द्या.

सातपुडा_दवाखाना

मी मोलगी परिसरात डॉक्टर आहे, गाडी बोलेरो, टायर २१५/७५ आर १५. इकडे बर्फ पडत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत डाबकडे गवतावर दवबिंदू गोठून पांढरी चादर होते. रस्त्यावर त्याचा काही त्रास नाही, फोटो काढायला लोक येतात एवढंच. म्हणून मी काळ्या मातीबद्दल लिहिते.

जुलैमध्ये ती खाचांमध्ये बसली की टायर गुळगुळीत मडक्याच्या अंगासारखा होतो आणि मग तुमचं ऑल टेरेन, हायवे, सगळं सारखंच. मड टेरेन थोडा फिरवला की माती झाडून टाकतो, ऑल टेरेन नाही झाडत. त्यामुळे अनेरकाठदादा, शिवरस्त्यासाठी ऑल टेरेन घेत असाल तर त्याच्याकडून मुरूम, खडी, ओला गवताळ उतार, नाल्यातले गोटे एवढ्याची अपेक्षा ठेवा. केळीच्या वावरात भर पावसात तो रुतणारच. तिथे ट्रॅक्टरच बोलवायचा.

सातपुड्यात टायर मरतो तो बाजूने. घाटात समोरून ट्रक आला, कडेला उतरलो, आणि कापला गेला. नक्षी भरपूर शिल्लक असलेले टायर मी बाजूच्या कापामुळे टाकून दिलेत. तेव्हा साइडवॉल किती जाड, किती थरांची, हे विचारून घ्या. आणि स्टेपनी सारखीच, त्याच मापाची, त्याच नक्षीची. पाच टायर घ्यायचे, चार नव्हे.

अनेरकाठ

डॉक्टरताई, साइडवॉलवरून आठवलं. दुकानात 'एलटी' लिहिलेले टायर दाखवले, म्हणे ट्रकसारखे मजबूत. घ्यावेत का?

टायरवाले_आप्पा

एलटी म्हणजे हलक्या ट्रकचा टायर. थर जाड, काप कमी लागतो. पण वजन जास्त, त्यामुळे गाडी जड चालते, डिझेल जास्त, खड्ड्यात हादरा जास्त. आणि तेवढंच ओझं उचलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. दाराच्या खांबावर लिहिलेली हवा भरून चालवला तर तो अर्धपोटी चालतो आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या तापलेल्या डांबरावर आतून गरम होतो. आपल्याकडे टायर फुटतात त्यात कमी हवा, जास्त भार आणि ४५ अंशांचं ऊन, हे तिघं मिळून असतात. तुम्ही तिघं आणि सामान, गाडी थार. साधा एसयूव्हीचा ऑल टेरेन पुरे.

कळण्याची_भाकरी

आप्पा, मग बर्फाचं रबर त्या ४५ अंशांत वितळणार नाही का? माझा मूळ मुद्दा तोच होता.

यावलची_लेक

कळणादादा, खरा हिवाळी टायर असता तर तुमचं शंभर टक्के बरोबर होतं. तो उन्हाळ्यात मऊ पडतो, भराभर झिजतो, ब्रेकला लांब जातो. जुलैत इथेही कोणी ठेवत नाही. पण हिमकण असलेल्या ऑल टेरेनचं मिश्रण मधलं असतं. टेक्सास-ॲरिझोनाच्या उन्हातही लोक तेच वर्षभर वापरतात. म्हणजे खानदेशात तो टिकेल, पण त्याच कंपनीच्या हायवे टायरइतका नाही.

टायरवाले_आप्पा

मिळायचा प्रश्नही आहे. बीएफगुडरिचच्या केओ२ वर ते चिन्ह असतं, योकोहामाच्या जिओलँडर ए/टी जी०१५ च्या बऱ्याच मापांवर असतं. आपल्याकडच्या इतर ऑल टेरेनपैकी बहुतेकांवर नुसता एम+एस. जून २०२० मध्ये टायरची आयात 'मुक्त'मधून 'निर्बंधित'मध्ये गेली, तेव्हापासून बाहेरचं माप हवं तेव्हा मिळेल याचा भरवसा नाही. आणि एकाच नावाच्या टायरवर एका मापात चिन्ह असतं, दुसऱ्यात नसतं. पोस्टरवर नको, टायर हातात घेऊन बाजू बघा. डोंगर-हिमकण दिसला तर आहे, नाही तर नाही.

इतर राहिले अपोलो, सीएट, जेके, एमआरएफ. यांचे ऑल टेरेन आमच्याकडे रोज जातात, मोलगी-धडगावच्या गाड्यांना चांगले चालतात. बर्फात मी चालवलेले नाहीत, म्हणून बर्फाबद्दल मी बोलत नाही.

पांझराकाठचा

रुंदीवर कोणी बोललं नाही. माझी जिम्नी आहे, १९५/८० आर १५. मागच्या हिवाळ्यात सोलांगच्या वर गेलो होतो, ताजा बर्फ होता, रुंद टायरच्या मोठ्या गाड्या वर तरंगत बाजूला सरकत होत्या आणि आपली बारकी गाडी बर्फ कापत खाली जमिनीला टेकत गेली. बर्फात अरुंद टायर चांगला, हा जुना नियम आहे. थारच्या खालच्या मॉडेलला २४५/७५ आर १६ येतो. रिम लहान, साइडवॉल उंच. अनेरकाठभाऊंनी सोळाच्या रिमचाच संच घ्यावा, खड्ड्यालाही बरा, खडीलाही बरा, साखळीलाही बरा.

सुभेदार_भुसावळ

नियम बरोबर, पण २५५ आणि २४५ मध्ये एक सेंटिमीटरचा फरक. त्यासाठी पाच रिम विकत घ्यायच्या? त्या पैशात साखळ्या, फावडं, ओढायचा पट्टा, चांगला कॉम्प्रेसर आणि काझात होमस्टेचे दोन दिवस जास्त येतील. दोन दिवस जास्त असणं हे बर्फात सगळ्यात मोठं हत्यार. ज्याला उद्या पोहोचायचंच असतं तोच घसरतो.

तुमच्या गाडीला मागाहून पाठवायची मदतही लगेच येत नाही तिकडे. बीआरओची (सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची) माणसं रस्ता उघडतात तेव्हाच निघायचं.

आणि डिझेल. चोपड्याहून भरलेली टाकी घेऊन काझात रात्री उभे राहू नका. आपल्याकडचं डिझेल त्या थंडीत मेणासारखं घट्ट होऊन फिल्टर बंद करतं. इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं हिवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलं, ते याच कारणाने. स्पितीत चढण्याआधी टाकी जमेल तितकी खाली आणून वरचंच डिझेल भरा, गाडी रात्री भिंतीच्या आडोशाला लावा.

अनेरकाठ

हे सगळं वाचून माझा हिशेब असा झाला. चोपड्याहून आग्रा रोडने इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली करत शिमला, हे अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर, आणि ते सगळं डांबर. फेब्रुवारीत उत्तरेकडे धुकं, पहाटे ओला रस्ता, गाडीत तिघांचं सामान. म्हणजे 'बर्फाच्या' प्रवासातही टायरचं खरं काम बहुतेक ओल्या डांबरावर वेगात थांबण्याचं. मग नक्षी जितकी आक्रमक तितकी माझ्यासाठी वाईट. मधल्या, जरा शांत नक्षीचा ऑल टेरेन हवा. बरोबर का?

टायरवाले_आप्पा

एकदम बरोबर. हे गिऱ्हाईक स्वतः बोललं की माझं काम संपलं.

यावलची_लेक

हो, आणि नक्षीची खोली जपा. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत टायर चालतो. पण बर्फात ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर संपलाच समजा. ऑस्ट्रियात हिवाळी टायरला कायद्यानेच ४ लागतात. तुम्ही आत्ता मे-जूनमध्ये संच घेतला आणि फेब्रुवारीपर्यंत रोज जळगाव केलं, तरी जायच्या वेळी किमान ७-८ मिलिमीटर उरलेले हवेत. दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं पुढची मागे, मागची पुढे अशी फिरवून घ्या. नाहीतर पुढचे आधी जातात आणि बर्फात तेच स्टिअरिंगला लागतात.

पुढच्या-मागच्या जोड्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या अजिबात नकोत. बर्फात एक टोक धरतं आणि दुसरं सुटतं.

कळण्याची_भाकरी

मी अजूनही म्हणतो तिकडची गाडी घे. रेकाँग पिओपासून पुढे तिथला ड्रायव्हर घे. तो त्या नाल्यांना नावानिशी ओळखतो. टायरने ओळख येत नाही.

सुभेदार_भुसावळ

कळणाभाऊ, यात मी तुमच्या बाजूचा. तिघांपैकी एकानेही आधी बर्फात गाडी चालवली नसेल तर पिओहून तिथला माणूस शेजारी बसवा. गाडी आपलीच राहू द्या, चालवणारा तो. मानापमान नको.

अनेरकाठ

ठरलं तर असं. माप तेच. पाच टायर, एका बॅचचे, जन्मतारीख बघून. हिमकण असलेला याच मापात ताजा मिळाला तर तो, नाहीतर आपल्याकडचाच मध्यम नक्षीचा ऑल टेरेन. साखळ्या चारही चाकांच्या, दोन्ही पर्यायांत. पिओहून ड्रायव्हर. केळीच्या वावरात पावसाळाभर ट्रॅक्टर.

आप्पा, पुढच्या आठवड्यात धुळ्याला येतो. साखळी टायरच्या मापावर घ्यायची ना?

टायरवाले_आप्पा

हो, २५५/६५ आर १८ सांगून घ्या, आणि मागे शॉकॲब्झॉर्बर नि ब्रेकच्या पाइपला घासत नाही ना ते गाडीखाली वाकून बघा. आमच्याकडे धुळ्यात साखळी कोण मागतो, मागवून ठेवावी लागेल.

सुभेदार_भुसावळ

आणि आणली की घरच्या अंगणात दोनदा लावून-काढून बघा. हातमोजे घालून, आणि एकदा रात्री, बॅटरीच्या उजेडात. चोपड्यात मे महिन्यात चाकाला साखळ्या लावलेल्या बघून गल्ली हसेल, हसू द्या. उणे १५ मध्ये पहिल्यांदा पिशवी उघडली तर कुठलं टोक आत आणि कुठलं बाहेर तेही कळत नाही.

पांझराकाठचा

जुने चार टायर कितीला सोडतोस रे? गावाकडे ट्रॉलीला हवेत.

अनेरकाठ

नक्षी मेली आहे, साइडवॉल ठीक. आप्पा किती धरतात बघू, त्याच्यापेक्षा शंभर जास्त दे आणि घेऊन जा.

टायरवाले_आप्पा

माझ्या दुकानात बसून माझंच गिऱ्हाईक फोडा! ट्रॉलीवर किती भरणार ते आधी सांगा पांझराभाऊ, १०९० किलोचा टायर आहे तो, तोही नवा असतानाचा. पाचवी स्टेपनी कोरी असेल तर ती मी ठेवतो.